डेटाची जावक

१

चोरी भरदुपारी झाली, घरात माणसं असताना झाली, आणि चोरीला गेलेली वस्तू घरातल्या कोणी कधी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

सूनबाई तेव्हा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली होती. तिचं काम जरा जगावेगळं होतं. कॉलेजातल्या ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ती प्राध्यापकांचं बोलणं ऐकता ऐकता टाइप करायची. प्राध्यापक तिकडे वर्गात बोलणार, ही इकडे घरी ऐकणार, आणि हिचे शब्द त्या मुलांच्या समोरच्या पडद्यावर उमटणार. त्या दुपारी विषय होता हृदयाच्या झडपा. "डावीकडची झडप उघडते तेव्हा..." असं म्हणता म्हणता प्राध्यापकांचा आवाज तुटला, तो तुटलाच. झडप उघडल्यावर काय होतं, ते त्या मुलांना त्या दिवशी कळलं नाही.

नेट बंद पडलं नव्हतं. डेटा संपला होता. महिन्याचा ठरलेला डेटा संपला की कंपनी लाइन तोडत नाही, पण वेग असा काही मारते की लाइन असून नसल्यासारखी. महिना सरायला अजून बराच अवकाश होता. हे लागोपाठ दुसऱ्या महिन्यात घडलं होतं, तेही मधल्या काळात जास्त डेटाचा प्लॅन घेऊन. त्याच्याही वरचा प्लॅन घ्यायचा तर सूनबाईच्या कमाईचा मोठा घास त्यातच गेला असता. मग काम करायचंच कशाला?

संध्याकाळी तिच्या ऑफिसातून निरोप आला. भाषा गोड होती, अर्थ कडू होता. आठवड्याअखेरचं उजळणीचं व्याख्यान तिच्याकडे आहे. ते नीट पार पडलं तर तिला कायम करतील, आणि पुन्हा मध्येच तुटलं तर काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. सूनबाईने निरोप सगळ्यांना वाचून दाखवला आणि भांडी घासायला घेतली. तिला राग आला की ती भांडी घासते, आणि रडू आलं तरी भांडीच घासते. त्यामुळे आत्ता यातलं नेमकं काय आहे, ते घरात कोणाला कळेना.

तिच्या नवऱ्याने लगोलग थोडा जादा डेटा विकत घेतला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या त्याने मोबाइलवर पाहिलं, तर त्याचाही लचका तुटलेला. घरात टीव्ही बंद होता, सगळ्यांनी आणाभाका घेतल्या होत्या, आणि तरी कोणीतरी खातच होतं.

मग त्याने आत्याला फोन केला.

२

आत्या म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांची, दादांची, धाकटी बहीण. एका अवाढव्य कचेरीच्या आवक-जावक विभागात तिचा जन्म गेला होता. आत आलेल्या प्रत्येक कागदावर आवकेचा शिक्का, बाहेर गेलेल्या प्रत्येकावर जावकेचा. काम एवढंच, पण एखादी फाइल गडप झाली की भलेभले साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. फाइल शोधायला ती कपाटं उपसत नसे. लोकांशी गप्पा मारत बसे, आणि फाइल कुठून तरी निघायची. निवृत्तीनंतर नातेवाइकांनी तिला सुखाने बसू दिलं नव्हतं. कोणाची किल्ली, कोणाचं मांजर, एकदा तर कोणाचा जावई.

"मला डेटा म्हणजे काय ते समजावत बसू नका," तिने आल्या आल्या पिशवी ठेवत सांगितलं. "आणि चहात साखर घाला. मागच्या वेळी घातली नव्हतीत."

पहिली पाळी वहिनींची, म्हणजे दादांच्या बायकोची. त्या स्वयंपाकघरात तयारीनिशीच बसल्या होत्या.

"माझ्यावर नाव येणार हे मला ठाऊक होतं, वन्सं. बघते मी मालिका, नाही कोण म्हणतंय? दुपारची एक. पण हे सगळं झाल्यापासून तीही सोडली. ती बाई कोमातून उठली का गेली, तेसुद्धा मला माहीत नाही."

"बाकी घरात काही वेगळं?"

"माझं या घरात चालतं कुठे, म्हणून वेगळं काय नि जुनं काय! लग्न होऊन आले तेव्हापासून चादरी पुढच्या गॅलरीत वाळत घालते. आता हे म्हणतात, मागे घाल. का, तर कुंडीतल्या झाडाला ऊन मिळत नाही. आयुष्यात कधी झाडाला तांब्याभर पाणी घातलं नाही या माणसाने."

भाचा, म्हणजे सूनबाईचा नवरा, ऑफिसातून आला तो सरळ कबुलीजबाब द्यायलाच बसला. तो मॅच बघायचा, सगळे झोपल्यावर, आवाज बंद करून.

"आवाज बंद केला की डेटा वाचतो का रे?"

"डेटा नाही वाचत. मी वाचतो," तो बायकोच्या खोलीकडे बघत म्हणाला. "पण आत्या, डेटा जातोय दिवसा. दिवसा मी घरात नसतोच."

सूनबाई कमी बोलली. डोळे सुजलेले होते, म्हणजे भांडी रागाने घासली नव्हती. "माझं काम नुसत्या आवाजाचं आहे, आत्या. आवाजाला काय लागतं? दिवसभर ऐकलं तरी एका सिनेमाइतकं होत नाही. खातं ते चित्र खातं." मग जरा घुटमळून ती म्हणाली, "कोणावर संशय घ्यायला बरं वाटत नाही. पण वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहतात. त्यांची लाइन बिघडली होती तेव्हा आम्ही त्यांना आपला पासवर्ड दिला होता."

राहिले दादा. ते पुढच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, हल्ली बसायचे तसेच. खाली गल्ली होती, आणि गल्लीत समोरच एके काळी त्यांचं दुकान होतं. शटर एक, दुकानं दोन. डाव्या बाजूला दादा घड्याळं दुरुस्त करायचे, उजव्या बाजूला त्यांचे मित्र चष्मे करायचे. सगळी गल्ली त्यांना घड्याळवाले आणि चष्मेवाले म्हणूनच ओळखायची. मग एक दिवस चष्मेवाल्यांनी आपली बाजू विकून टाकली. दादांना ती बातमी कळली पाटी रंगवायला आलेल्या पेंटरकडून. इतक्या वर्षांचा शेजार, आणि बातमी पेंटरकडून. एकट्याच्या बाजूवर दुकान चालेना, दादांनीही गाशा गुंडाळला, आणि तेव्हापासून दोघांचा अबोला. वहिनींनी तर चष्मेवाल्यांचं नावही घरात काढायचं नाही असा दंडक घातला होता.

"दादा, तू फोनवर काय बघतोस?" आत्याने विचारलं.

"मी? मी काही बघत नाही."

"टीव्हीवर?"

"टीव्हीवर तर नाहीच नाही."

दादा खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात, हे आत्याला ती चौथीत असल्यापासून माहीत होतं. तिने कान नीट पाहिले. कान होते तसेच होते.

तिने दादांचं नाव मनातून खोडलं, आणि तिथेच ती फसली.

३

भाच्याने लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून दाखवलं. मोठ्या अक्षरात एक आकडा होता, सगळ्या घराने मिळून किती डेटा खाल्ला त्याचा. रोज उठून घरातले सगळे त्याच आकड्याकडे डोळे वटारून बघत होते. आत्याचं लक्ष मात्र त्याच्या खालच्या बारीक अक्षरांवर गेलं. तिथे दोन बाण होते, एक खाली तोंड केलेला आणि एक वर.

"हे काय आहे?"

"खालचा बाण म्हणजे आपल्याकडे येतं ते. वरचा म्हणजे आपल्याकडून जातं ते. त्या दोघांची बेरीज वर मोठ्या अक्षरात असते."

"म्हणजे आवक आणि जावक."

"तसंच समज. पण जावकेकडे कोणी बघत नाही, आत्या. घरी लोक सिनेमे बघतात, मॅच बघतात. ते सगळं येतं. जाणारं अगदी किरकोळ असतं."

आत्याने चष्मा कपाळावर चढवला. तिला जवळचं चष्म्याशिवाय जास्त चांगलं दिसायचं. "आयुष्यभर हेच ऐकलं मी. आत काय आलं ते साहेब लोक विचारायचे, बाहेर काय गेलं ते कोणी विचारायचं नाही. किरकोळ म्हणतोस ना? मग ही तुमची जावक आवकेच्या खांद्याला खांदा लावून का उभी आहे?"

भाच्याने पान जवळ ओढलं. पुन्हा वाचलं.

"कोणी नुसतं बघत बसलं असतं, तर येणारं ढीगभर आणि जाणारं चिमूटभर असतं," आत्या सावकाश म्हणाली. "इथे दोन्ही सारखं. आपण सकाळपासून प्रत्येकाला विचारतोय, काय बघता, काय बघता. या घरात तसं कोणी काही बघतच नाहीये. कोणीतरी काहीतरी दाखवतंय."

वहिनींनी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"आपल्या घरातलं काय दाखवतंय?" सूनबाईने विचारलं. "आणि कुणाला?"

४

दाखवणारं माणूस शोधायला फार लांब जावं लागणार नाही, असं आत्याला वाटलं. गाण्याच्या बाई व्हिडिओवर क्लास घ्यायच्या. पेटी वाजवताना हात दाखवायचे, तोंड उघडून सूर दाखवायचा, म्हणजे सगळी जावकच. शिवाय पासवर्ड त्यांच्याकडे होता. आत्या जिना चढून वर गेली आणि चहाचा कप हातात पडताच गोड शब्दांत मुद्द्याला आली. शब्द कितीही गोड असले तरी त्यांचा अर्थ चोरीच होत होता.

गाण्याच्या बाई उठल्या. त्यांनी पेटीमागची स्वतःची वायर दाखवली, भिंतीवरचा स्वतःचा राउटर दाखवला, आणि आपल्या लॅपटॉपवर खालच्या घराची लाइन जोडलेली नाही हेही दाखवलं. मग बसून म्हणाल्या, "राग नाही आला. वाईट मात्र वाटलं. त्या मुलीचं काम माझ्यामुळे गेलं असतं तर मी या घरात राहिले असते का?"

आत्याचा चेहरा उतरला. तिने सरळ माफी मागितली, आडवळणं घेतली नाहीत. "चुकले मी. कागद हातात आला आणि माणसाचा विचार करायचं राहिलं."

"मग आता माणसाचा विचार करा," गाण्याच्या बाई हसून म्हणाल्या. "माझा विचार केला असतात तर लगेच कळलं असतं. बाजार बंद असतो त्या दिवशी माझे सगळ्यात जास्त क्लास असतात. मुलं घरी असतात ना. तुमचा चोर त्या दिवशी किती खातो ते बघा."

आत्या खाली आली आणि तिने भाच्याला रोजचा हिशेब काढायला लावला. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी घरातली सगळी माणसं घरात होती, टीव्ही चालू होता, आवक भरपूर होती. जावक मात्र जवळपास काहीच नव्हती. मागच्या आठवड्यातही तेच, त्याच्या मागच्या आठवड्यातही तेच. रोज दुपारी जेवणाच्या सुमाराला ती थोडा वेळ थांबायची आणि मग पुन्हा सुरू व्हायची.

"सुट्टी पाळणारा चोर," आत्या पुटपुटली. "वामकुक्षीसुद्धा घेतो. कुठल्या फोनवरून जातंय ते कळतं का रे यात?"

"कळायला हवं," म्हणत भाच्याने आणखी एक पान उघडलं आणि त्यावर बोट फिरवत गेला. मग बोट थांबलं.

"काय झालं?"

त्याने लॅपटॉप मिटायचा प्रयत्न केला, पण वहिनी मागेच उभ्या होत्या. त्यांनी नाव वाचलं, आणि कपाळाला हात लावला. सगळ्यात जास्त डेटा पाठवणाऱ्या फोनवर त्यांच्याच मुलाचं नाव होतं.

५

"माझा फोन दिवसभर माझ्या खिशात असतो," भाचा काकुळतीला येऊन सांगत होता. "मी ऑफिसात. फोन ऑफिसात. तो घरच्या वायफायवर येईलच कसा?"

सूनबाई त्याच्याकडे बघत होती. तिला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि ते तिला जड जात होतं. आत्याला तिच्या त्या चेहऱ्याचं फार वाईट वाटलं. डेटा काय, पुढच्या महिन्यात पुन्हा भरतो.

"थांबा, भांडू नका," ती म्हणाली. "आमच्याकडे एकदा एकाच नावाच्या दोन माणसांच्या फायली एकत्र झाल्या होत्या. बढती मिळायची ती एकाला, मिळाली दुसऱ्याला. एक माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही, पण एक नाव असू शकतं. तुझा याच्या आधीचा फोन कुठे आहे?"

"त्याची काच तडकली म्हणून टीव्हीखालच्या खणात टाकला होता. नाव बदलायचं राहिलं असेल त्याच्यावरचं."

सूनबाईने जाऊन खण उघडला. आत जुन्या बॅटऱ्या होत्या, रिमोट होते, कसल्या कसल्या वायरी होत्या. फोन नव्हता.

आत्या पुढच्या गॅलरीत गेली. दादा पाय मोकळे करायला बाहेर पडले होते. ती त्यांच्या खुर्चीत बसली. खाली रात्र पडत होती. लाँड्रीवाला शटर ओढत होता, फुलवाला उरलेल्या फुलांवर पाणी मारत होता, बेकरीतला माणूस रिकामे ट्रे एकात एक घालत होता. एकेक दुकान बंद होत गेलं आणि गल्लीत बघण्यासारखं काही राहिलं नाही.

दुकानं बंद असली की जावक बंद. दुकानं जेवायला थांबली की जावकही थांबते. घरातलं कोण अजून दुकानाच्या वेळा पाळतं? आणि समोर चादर आली की कोणाला चालत नाही?

ती आपल्यावरच चिडली. दादांचे कान लाल झाले नव्हते, कारण दादा खोटं बोललेच नव्हते. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

६

सकाळी दुकानं उघडायच्या सुमाराला तिने सगळ्यांना गॅलरीच्या दाराशी बोलावलं. भाच्याने ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं होतं. दादा खुर्चीत बसले होते. एवढी माणसं एकदम आलेली पाहून ते जरा गोंधळले.

"दादा," आत्या म्हणाली, "तू काय दाखवतोस?"

"गल्ली," दादा म्हणाले. इतकं साधं, की बाकीच्यांना ते उत्तर आहे हेच आधी कळलं नाही.

"कुणाला?"

आता मात्र दादांनी वहिनींकडे पाहिलं, आणि दादांचे कान कडेपासून लाल होत गेले.

भाचा पुढे झाला आणि त्याने कुंडीची पानं बाजूला केली. मागे त्याचा तडकलेला फोन कठड्याला टेकवून उभा होता, तोंड गल्लीकडे. भाचा कठड्यावरून वाकून पुढून बघायला लागला आणि वहिनीही डोकावल्या, तर पडद्यावर एक म्हातारा माणूस पलंगावर उशांना टेकून बसलेला दिसत होता, नाकावर जाड काचांचा चष्मा. आपल्या समोरची गल्ली जाऊन तिथे एक भलंमोठं नाक आल्याचं पाहून तो वैतागला. तोंडाने काही बोलला नाही. हातानेच त्याने खूण केली, बाजूला व्हा.

"चष्मेवाले भावजी," वहिनींच्या तोंडून निघून गेलं. नाव काढायचं नाही हा दंडक त्यांनीच मोडला.

मग दादांनी सांगितलं. चष्मेवाले घरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. डॉक्टर म्हणत होते, उठून बसायला लागा, नाहीतर कायमचे पलंगाला लागाल. हे ऐकतील तर शपथ. त्यांची मुलगी दादांना रस्त्यात भेटली आणि म्हणाली, काका, एकदा येऊन जा. दादा म्हणाले, आमचा अबोला आहे. मग ती म्हणाली, निदान त्यांना गल्ली तरी दाखवा. खणातला फोन तिनेच लावून दिला होता.

"गल्ली बघायला तो उठून बसायला लागला," दादा म्हणाले. "आडवं पडून नीट दिसत नाही ना."

"आणि तुम्ही बोलता काय त्यांच्याशी?" भाच्याने विचारलं.

"बोलत नाही. अबोला आहे म्हणून सांगितलं ना."

"अबोला आहे, आणि दिवसभर व्हिडिओ कॉल चालू?"

"गल्ली काही माझ्या एकट्याची नाही," दादा म्हणाले.

"पण बाबा, डेटा जातो त्यात. हिचं काम जायची वेळ आली," भाचा म्हणाला.

दादांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. "बघणाऱ्याचा जात असेल असं वाटलं मला. मी तर काही बघत नाही. मी नुसती खिडकी उघडून ठेवली. खिडकीला कुठे काय लागतं?" ते उठले. त्यांनी फोन उचलला. "बंद करतो मी. पोरी, मला माहीत असतं तर..."

पडद्यावर गल्ली हलली, तशी पलंगावरचा माणूस घाबरून पुढे वाकला.

७

"थांबा, बाबा," सूनबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नुकसान तिचं झालं होतं, रागवायचा हक्कही तिचाच होता. तिने दादांच्या हातावर हात ठेवला. "चित्र बंद करा. फोन नका बंद करू. आवाजाला काही लागत नाही. तुम्ही इथे बसा आणि त्यांना गल्ली सांगा."

"सांगू? म्हणजे बोलू?"

"मी त्या प्राध्यापकांना एकदाही पाहिलेलं नाही. नुसतं ऐकते आणि अख्खा वर्ग डोळ्यांसमोर येतो."

"नवीन महिना लागला की थोडा वेळ चित्रही लावू," भाचा म्हणाला. "अगदी हलक्या दर्जाचं. धूसर दिसेल, पण दिसेल."

"त्याला धूसर दाखवायचं? जन्मभर त्याने लोकांना स्वच्छ दाखवलं," दादा तुटकपणे म्हणाले. चित्राचं बटण मात्र त्यांनी दाबलं. पडदा काळा झाला. अबोला मोडायचा तर आधी कोण बोलणार, हा प्रश्न इतकी वर्षं पडून होता, आणि तो काही डेटाने सुटणारा नव्हता. दादा फोन धरून नुसते बसून राहिले. थोड्या वेळाने पलीकडून कोणीतरी फोन ठेवून दिला.

त्या दिवशी जावक पडलेलीच राहिली. दादा जेवले नाहीत. सूनबाईनेही दोन घास कसेबसे खाल्ले. आपलं काम वाचलं ते कोणाला तरी पुन्हा भिंतीकडे वळवून, हे तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी उजळणीचं व्याख्यान होतं. सूनबाई हेडफोन लावून आत बसली. वहिनींनी घरातल्या सगळ्या फोनांचं वायफाय स्वतः बंद करून घेतलं, आणि एकाच फोनचं ठेवलं, तडकलेल्या फोनचं. तो त्यांनी नेऊन दादांच्या हातात दिला. "लावा," त्या म्हणाल्या. "मीच पहिल्यांदा बोलले असते, पण मला गल्लीतलं काही कळत नाही."

दादांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येत असल्याने स्पीकर चालू होता. पलीकडे कोणीतरी उचलला, आणि श्वास तेवढा ऐकू आला. दादांनी खाली पाहिलं, घसा खाकरला.

"फुलवाला आला," ते म्हणाले.

पलीकडे काही नाही.

"उशिरा आला. सायकल नवी घेतलीय. घंटी अजून जुनीच आहे."

"रंग कुठला?" फोनमधून आवाज आला. घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला.

"निळा."

"निळी मला नाही आवडत," चष्मेवाले म्हणाले.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. आतल्या खोलीत सूनबाईची बोटं पळत होती. झडप उघडली, रक्त पुढे गेलं, झडप मिटली, आणि लाइन कुठेही तुटली नाही. व्याख्यान संपलं तेव्हा कळफलकावर डोकं टेकून ती थोडा वेळ तशीच बसली. ऑफिसचा निरोप आला तो तिने नवऱ्याला वाचायला दिला. तिला कायम केलं होतं. "आता भांडी मी घासतो," तो म्हणाला, आणि ती मोठ्याने हसली. आत्याने ते हसू ऐकून पिशवी आवरायला घेतली. तिला दुपारची गाडी पकडायची होती, पण गॅलरीच्या दाराशी तिचा पाय अडला.

दादांची गल्ली सांगून झाली होती. ते फोनकडे तोंड करून, खालच्या आवाजात विचारत होते, "मला का नाही सांगितलंस? पेंटरकडून कळावं मला?"

"सांगायला आलो होतो," चष्मेवाले म्हणाले. "तू डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसला होतास. भिंग लावलंस की तुला जग दिसत नाही. मान वर करशील म्हणून उभा राहिलो. तू केली नाहीस. मग गेलो."

दादांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"किती वेळ उभा होतास?"

"मला काय माहीत? घड्याळं तुझ्याकडे होती."

दादांनी हात डोळ्यांवरून फिरवला. आत्याला वाटलं, पुन्हा अबोला पडतो की काय. मग त्यांनी खुर्ची मागे सारली, उठून उभे राहिले आणि फोन तोंडाजवळ आणून म्हणाले, "मुलीला दार उघडं ठेवायला सांग. मी येतोय."